आलेले आणि आणलेले

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्यापासून फार लांब नसलेल्या एका माळावर, लोखंडी जाळीचे एक उंच कुंपण अजून उभे आहे. आत वेड्या बाभळी माजल्या आहेत आणि फाटकाला गंज चढला आहे. काही वर्षांपूर्वी या कुंपणात माणसाच्या खांद्याला लागतील असे दहा पक्षी फेऱ्या घालीत असत. गावकरी त्यांना शहामृग म्हणत. वस्तुतः ते इमू होते, ऑस्ट्रेलियाचे रहिवासी. कुंपण उभे राहिले त्या दिवशी, त्या कुटुंबाच्या आग्रहावरून, आशीर्वादाची प्रार्थना म्हणायला आम्हीच गेलो होतो. प्रार्थनेनंतर जमलेल्या तरुणांना चार शब्द सांगताना, 'नव्या उद्योगाची भीती बाळगू नका' असेही आम्ही बोललो होतो. ते शब्द पुढे आमच्याच अंगावर आले. त्याविषयी शेवटी सांगू. त्याआधी एका प्रश्नाचा माग काढावासा वाटतो. समुद्रापलीकडचा पक्षी परक्या मुलखात येतो तरी कसा?

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. परदेशातून आपल्याकडे येणारा प्रत्येक पक्षी परका नसतो. दर हिवाळ्यात पैठणच्या नाथसागरावर उत्तरेकडून करकोचे उतरतात, बदकांचे थवे येतात आणि उन्हाळा लागताच परततात. ही त्यांची पिढ्यान् पिढ्यांची वहिवाट आहे. काही पक्षी स्वतःच्या पंखांनी नवा मुलूखही जिंकतात. आपल्या गुरांच्या मागे फिरणारा गायबगळा घ्या. त्याचे आफ्रिकेतील भाऊबंद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अटलांटिक महासागर ओलांडून दक्षिण अमेरिकेत पोहोचले आणि विसाव्या शतकात उत्तर अमेरिकेतही स्थिरावले. त्यांना कोणी नेले नव्हते. हे झाले 'आलेले' पक्षी. आमचा विषय आहे तो 'आणलेल्या' पक्ष्यांचा. माणसाच्या जहाजातून, पिंजऱ्यातून, टोपलीतून, माणसाच्याच इच्छेने ज्यांनी देश बदलला, त्यांचा.

ही इच्छा फार जुनी आहे. शलमोन राजाची जहाजे तीन वर्षांतून एकदा सोने, रुपे, हस्तिदंत, वानर आणि मोर घेऊन परतत, असे जुन्या करारातील राजांच्या पहिल्या पुस्तकात म्हटले आहे. तेथील मूळ हिब्रू शब्दाचे नाते मोरपिसाऱ्याला वापरल्या जाणाऱ्या तमिळ 'तोगै' या शब्दाशी असावे, असे अनेक पंडितांनी सुचवले आहे. सर्वांना ते मान्य नाही. पण मोर हा मूळचा भारतीय उपखंडाचा पक्षी आणि त्याने भूमध्य समुद्राचा किनारा प्राचीन काळीच गाठला होता, याबद्दल वाद नाही. त्याला नेले ते केवळ त्याच्या रूपासाठी. राजाच्या अंगणात जे दुसऱ्याकडे नाही ते असावे, हा पक्ष्यांच्या स्थलांतरामागील पहिला हेतू. त्याला आम्ही शौक म्हणू.

याच शौकाने आपल्या पश्चिम किनाऱ्यावर अमेरिकेचा एक पक्षी आणला. १६१२ साली मुकर्रबखान नावाचा सरदार गोव्याहून अनेक दुर्मिळ वस्तू आणि प्राणी घेऊन जहांगीर बादशहाच्या दरबारी गेला. त्यात एक टर्की होता. बादशहाने त्याचे रंग बदलणारे डोके आणि मस्तकावरचा मांसल तुरा यांचे बारकाईने वर्णन आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आणि त्याचे चित्र काढवून घेतले. उस्ताद मन्सूरच्या कुंचल्यातून उतरलेले टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. मेक्सिकोत माणसाळवलेला हा पक्षी स्पॅनिश आणि पोर्तुगीज जहाजांबरोबर जगभर गेला. परंतु तो नेमका कोठला, हे त्याला पाळणाऱ्यांनाही उमगले नाही. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचे नाव दिले, फ्रेंचांनी 'हिंदुस्थानचा' म्हटले, तर पोर्तुगीजांनी पेरू देशाचे. मराठीत मात्र पेरू हे नाव त्याच अमेरिकेतून आलेल्या एका फळाला चिकटले! आणलेल्या जीवाचे मूळ घर किती लवकर विसरले जाते, याचे हे एक गमतीचे उदाहरण.

उलट दिशेनेही व्यापार चालू होता. लाल मुनिया हा आपल्या बोरू-गवतात राहणारा, मुठीत मावेल एवढा पक्षी. गुजरातच्या बाजारातून तो पिंजऱ्यांत भरून युरोपला जाई. अहमदाबादच्या नावाचा अपभ्रंश होऊन त्याचे शास्त्रीय नावच 'अमंदावा' पडले. पिंजऱ्यातून सुटलेल्या मुनियांचे वंशज आज स्पेन आणि पोर्तुगालच्या पाणथळ जागी घरटी बांधतात. आपला पोपट लंडनच्या बागांत हजारोंच्या संख्येने राहतो, तोही पाळीव पक्षी सुटल्यामुळे किंवा सोडल्यामुळेच.

दुसरा हेतू उपयोगाचा. येथे आपल्या परसातील साळुंकीची कथा सांगितलीच पाहिजे. मॉरिशस बेटावर फ्रेंचांचा अंमल असताना टोळांनी तेथील पिके फस्त करण्याचा धडाका लावला होता. त्यावर उपाय म्हणून १७६२ साली भारतातून साळुंक्या नेण्यात आल्या. किडीचा बंदोबस्त करण्यासाठी एका देशातील जीव मुद्दाम दुसऱ्या देशात नेण्याच्या अगदी आरंभीच्या प्रयोगांत याची गणना होते. पुढे एकोणिसाव्या शतकात कोकणातील मराठी माणसे उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी मॉरिशसला गेली, तेव्हा त्यांच्या आधी तेथे पोहोचलेली साळुंकी झाडावर किलबिलत असेल. घर सोडून आलेल्या त्या माणसांना तो आवाज ऐकून काय वाटले असेल, कोण जाणे!

मॉरिशसचा प्रयोग साधला असे मानले गेले, आणि मग साळुंकीला मागणी आली. १८६० च्या दशकात ती मेलबर्नला पोहोचली. १८६५ साली डॉ. विल्यम हिलब्रँड यांनी ती हवाई बेटांवर नेली. पुढे ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील उसाच्या प्रदेशातही तिला किडी खाण्यासाठी सोडण्यात आले. पण साळुंकीने नेमून दिलेल्या कामापुरते थांबायचे कबूल केले नव्हते. माणसाच्या शेजारी राहण्याची तिला सवय. धान्य, फळे, किडे, उकिरड्यावरचे उष्टे, तिला काहीही चालते. झाडाच्या ढोलीत घरटे करायचे असेल तर ती तेथील मूळ मालकाला हुसकावून लावते, त्याची अंडी-पिल्लेही फेकते. बेटांवरच्या पक्ष्यांनी असा शेजारी कधी पाहिला नव्हता. फिजी बेटांवर विसाव्या शतकाच्या आरंभी लालबुड्या बुलबुल पोहोचला. हिंदुस्थानातून गेलेल्या वेठमजुरांनी तो बरोबर नेला असे सांगतात. आज तो तेथील फळबागांना आणि पाहता पाहता इतर अनेक बेटांना उपद्रव ठरला आहे.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञांनी २००० साली जगातील शंभर अत्यंत घातक आक्रमक जीवांची यादी प्रसिद्ध केली. त्यात पक्षी तीनच. त्यांपैकी दोन आपले, साळुंकी आणि लालबुड्या बुलबुल. जालन्याच्या कोणत्याही अंगणात सकाळी दाणे टिपणारे हे दोन निरुपद्रवी जीव परदेशी गुन्हेगार ठरावेत, हे वाचून आम्ही प्रथम चकित झालो, मग थोडे दुखावलो. विचार केल्यावर मात्र कळले की दोष त्या पाखरांचा नव्हेच. येथे साळुंकीला शिकरा आहे, साप आहे, ढोलीसाठी भांडणारा पोपट आहे. हजारो वर्षांत सर्वांनी एकमेकांना आवर घालायला शिकले आहे. तो आवर मागे ठेवून एकट्या साळुंकीला जहाजात घातले, ही माणसाची करणी. कावळ्याचेही तेच झाले. १८९० च्या दशकात झांजिबारमधील केरकचरा साफ करण्यासाठी त्याला भारतातून नेले. तेथून तो पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पसरला. २०२४ साली केनिया सरकारला दहा लाख कावळे मारण्याची योजना जाहीर करावी लागली.

तिसरा हेतू सर्वांत मानवी आहे. तो म्हणजे घरची आठवण. एकोणिसाव्या शतकात युरोपातून अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड येथे गेलेल्या वसाहतवाल्यांना परक्या पहाटेत आपल्या गावची पाखरे ऐकावीशी वाटत. १८५१ साली न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिन येथे इंग्लंडहून चिमण्यांच्या आठ जोड्या आणल्या गेल्या. पुढच्या एक-दोन वर्षांत आणखी आल्या. झाडांवरील अळ्या त्या खातील, अशी आशाही त्यात होती. १८५४ साली पॅरिसमध्ये आणि १८६१ साली मेलबर्नमध्ये तर परदेशी प्राणी-वनस्पती आपल्या हवेत रुजवण्यासाठी रीतसर संस्था निघाल्या. विद्वान, सरदार, व्यापारी त्यांचे सभासद होते. ईश्वराच्या सृष्टीत जे येथे कमी आहे ते आपण भरून काढू, अशी त्यांची भाबडी पण प्रामाणिक समजूत होती. १८९० साली यूजीन शिफेलिन यांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये साठ युरोपीय स्टार्लिंग पक्षी सोडले, पुढच्या वर्षी आणखी चाळीस. साळुंकीच्याच कुळातला हा पक्षी शंभर वर्षांच्या आत त्या खंडभर कोट्यवधींच्या संख्येने पसरला. घातक यादीतला तिसरा पक्षी तो हाच.

आता आपल्या मुलखाकडे वळू. जालन्याला निजामाच्या राज्यात इंग्रजांची मोठी छावणी होती. १८३० च्या दशकाच्या अखेरीस मद्रास फौजेच्या घोडदळाबरोबर थॉमस जर्डन नावाचा तरुण डॉक्टर या छावणीत राहिला. रुग्ण तपासून उरलेला वेळ तो माळावर पक्षी पाहण्यात घालवी. पुढे १८६२ ते १८६४ या काळात प्रसिद्ध झालेला त्याचा 'बर्ड्स ऑफ इंडिया' हा ग्रंथ भारतीय पक्षिशास्त्राचा एक पाया ठरला, आणि त्यात जालन्याचा उल्लेख येतो. एरवी ज्या माळाला आपण ओसाड म्हणतो तो एका शास्त्रज्ञाची शाळा होता, ही अभिमानाची गोष्ट आहे.

दख्खनच्या या गवताळ माळांचे खरे मानकरी म्हणजे माळढोक आणि तणमोर. शेजारच्या नगर जिल्ह्यात मॅन्सफील्ड नावाच्या एका इंग्रजाने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. एका माणसाच्या बंदुकीला एवढे सापडले, तर मुळात किती असतील! आज संपूर्ण देशात माळढोक शे-दीडशेच उरले आहेत. शिकारीतून जे वाचले त्यांचे गवत नांगराखाली गेले. माळ ही पडीक जमीन, तिचा काहीतरी 'उपयोग' केला पाहिजे, असे आपण सारेच मानत आलो. त्याच माळावर पुढे इमूचे कुंपण उभे राहिले. मोठा, धावरा, गवतातला पक्षी आपल्याकडे होता. तो घालवून आपण दुसरा ऑस्ट्रेलियातून विकत आणला.

आणलेले सारेच वाईट, असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. तसे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. १९१२ साली उत्तर प्रदेशातील एटा येथे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने कुक्कुटपालन केंद्र काढले आणि सुधारित जातीच्या कोंबड्या खेड्यांतील गरिबांच्या दारी नेल्या. इटलीच्या लिव्होर्नो बंदराचे नाव मिरवणारी पांढरी लेगहॉर्न आज आपल्याकडे इतकी रुळली आहे की तिचे परकेपण कोणाच्या ध्यानातही येत नाही. ती का रुजली? कोंबडी आपल्या ओळखीची होती. तिचा आजार, तिचे खाद्य, तिचे अंडे घेणारे गिऱ्हाईक, सारे गावात आधीपासून होते. शिवाय पिंजऱ्यातून सुटली तरी ती रानात टिकणारी नव्हती.

जालन्याच्या शेतकऱ्याला ही सावधगिरी नवी नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको कंपनी काढली आणि जालना हे संकरित बियाण्यांचे माहेरघर झाले. येथला शेतकरी नवे वाण घेतो, परंतु आधी एका कोपऱ्यात दोन-चार तास पेरून पाहतो. यंदा पाऊस कमी पडला तर काय, हे तो विचारतो. इमूच्या बाबतीत मात्र हा प्रश्न कोणी विचारला नाही. आम्हीही नाही.

इमूची स्वतःच्या देशातील हकीकत कळली असती, तरी आम्ही थबकलो असतो. १९३२ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात, पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या गव्हाच्या शेतांत सुमारे वीस हजार इमू शिरले, तेव्हा सरकारने त्यांच्यावर मशिनगनी पाठवल्या. पक्षी पांगले आणि लष्कराला हात हलवत परत यावे लागले. जो पक्षी घरी उपद्रवी म्हणून गोळ्या खात होता, तोच १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आंध्र प्रदेशात आणि तेथून महाराष्ट्रात व तमिळनाडूत कल्पवृक्ष म्हणून अवतरला. त्याचे तेल सांधेदुखीवर, मांस हृदयरोग्यांना, कातडे पिशव्यांना, पिसे शोभेला. काहीच वाया जात नाही, असे माहितीपत्रकांत छापलेले असे. हा चौथा हेतू, नफा.

त्या नफ्याचे गणित मुळातच पोकळ होते. इमूचे मांस खाणारा आणि तेल विकत घेणारा माणूस बाजारात फारसा नव्हताच. पिल्ले विकली जात ती नव्या पाळणाऱ्यांना. ते आपली पिल्ले आणखी नव्यांना विकत. म्हणजे पहिल्याचा नफा हे दुसऱ्याचे भांडवल होते. नवा माणूस यायचा थांबला की सारी उतरंड कोसळणार, हे ठरलेलेच होते. तमिळनाडूतील पेरुंदुराई येथे एका कंपनीने तर दीड लाख रुपये भरा, सहा पिल्ले घ्या आणि दरमहा सहा हजार मिळवा, अशी योजना चालवली. ऑगस्ट २०१२ मध्ये ती कोसळली. गुंतवणूकदार पोलीस ठाण्यांत रांगा लावून उभे राहिले आणि हजारो उपाशी पक्ष्यांना चारा घालण्याची पाळी सरकारवर आली.

त्याच वेळी आपल्याकडे दुष्काळ पडला. २०१२-१३ चा तो दुष्काळ जालनेकर विसरणार नाहीत. मोसंबीच्या वीस-वीस वर्षांच्या बागा उभ्या वाळल्या, शेतकऱ्यांनी स्वतःच्या हाताने त्या तोडल्या. माणसांना टँकरची वाट पाहावी लागत होती, तेथे दहा इमूंना पाणी कोठून आणणार? आमच्या ओळखीच्या त्या कुटुंबाकडे बँकेचे कर्ज होते. अंडी घेऊन जाण्याचे वचन देणाऱ्या व्यापाऱ्याचा फोन लागेनासा झाला होता. खाद्याचे पोते दर आठवड्याला महाग होत होते. कुटुंबाचा कर्ता एका कार्यालयात गेला, तेथे सांगण्यात आले की हा वन्यप्राणी नव्हे. दुसऱ्या कार्यालयात गेला, तेथे सांगण्यात आले की ही कोंबडीही नव्हे. परदेशातून आणलेल्या त्या जीवाला कोणाच्याच दप्तरात घर नव्हते.

इमूची एक रीत आहे. मादी गडद हिरवी अंडी घालते आणि निघून जाते. ती उबवतो नर. सुमारे आठ आठवडे तो अंड्यांवर बसतो, त्या काळात जवळजवळ काहीच खात-पीत नाही आणि साठवलेल्या चरबीवर जगतो. त्या हिवाळ्यात आम्ही गेलो तेव्हा कुंपणाच्या कोपऱ्यात एक नर असा बसला होता. घरच्यांनी विकण्यासाठी अंडी केव्हाच उचलली होती. तो रित्या मातीवर बसला होता. घरची आई म्हणाली, 'फादर, याला कसं सांगावं?' आमच्याजवळ उत्तर नव्हते.

उन्हाळ्यात एका रात्री त्यांनी फाटक उघडून दिले. चार पक्षी कुत्र्यांनी मारले. दोन कालव्याच्या कोरड्या पात्रात मेलेले सापडले. उरलेल्यांचे काय झाले, ते कोणी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. कर्ज फेडायला त्या कुटुंबाने दोन एकर जमीन विकली आणि थोरला मुलगा पुण्याला कामाला गेला. आमच्यावर त्यांनी कधी शब्दाने ठपका ठेवला नाही. पण प्रार्थना म्हणताना त्या फाटकावर ठेवलेला आपला हात आम्हाला आठवत राहतो.

शौक, उपयोग, आठवण आणि नफा या चारही हेतूंनी आणलेल्या पक्ष्यांचा इतिहास एकत्र ठेवून पाहिला की एक गोष्ट दिसते. आणणाऱ्याने दर वेळी हा पक्षी आपल्या काय कामाचा, हे विचारले. त्याचे येथे काय होईल आणि येथल्यांचे त्याच्यामुळे काय होईल, हे विचारले नाही. साळुंकी टिकली, तेव्हा भोगले ते बेटावरच्या पाखरांनी. इमू टिकला नाही, तेव्हा भोगले ते त्याने आणि त्याला पाळणाऱ्या गरिबाने. आणणारा दोन्ही वेळा दूर होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती होऊन परक्या आक्रमक जीवांची आयात आणि प्रसार रोखण्याचा अधिकार सरकारला मिळाला, ही समाधानाची बाब आहे. परंतु कायदा बंदरावर आणि विमानतळावर उभा राहील. गावात एखादा माहितीपत्रक घेऊन आला, तर त्याला प्रश्न विचारण्याचे काम आपले, विशेषतः ज्यांच्या शब्दावर लोक विसंबतात अशा शिक्षकांचे, सरपंचांचे आणि आमच्यासारख्यांचे.

मागच्या पावसाळ्यात आम्ही त्या कुंपणापाशी पुन्हा गेलो. जाळीवर साळुंक्यांची एक जोडी बसली होती. आत, बाभळींच्या मधल्या मोकळ्या जागेत गवत वाढले होते आणि त्यात टिटवीने चार अंडी घातली होती. आम्ही जवळ जाताच ती डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली. तिची जागा तिला ठेवून आम्ही मागे फिरलो.